सव्वीस बरण्या

संगमनेरच्या अलीकडे एका नाक्यावर पोलिसानं गाडी बाजूला घ्यायला लावली. लायसन्स बघितलं, पीयूसी बघितलं, सीटबेल्ट बघितला, आणि आता तो 'जा' म्हणणार एवढ्यात माझ्या पायाखालचा क्लच सुटला. गाडीनं हिसका खाल्ला आणि डिकीत सव्वीस काचा एकदम किणकिणल्या.

"मागं काय आहे?"

"रिकाम्या बाटल्या."

"चालले कुठं?"

"निफाडला. नाशिककडं."

नाशिक म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर एक समजूतदार हसू आलं. "म्हंजे जाताना रिकाम्या, येताना भरलेल्या."

"अगदी बरोबर!" मी उत्साहानं म्हणालो. सौ.नं कपाळाला हात लावला.

त्यानं डिकी उघडायला लावली. एक बरणी उचलून झाकण काढलं आणि हुंगली. तीन वर्षं लिंबाचं लोणचं मुरवलेली बरणी होती ती. त्याचं डोकं खाडकन मागं गेलं. "द्राक्षांची जेली करायचीय त्यांना, बहिणीच्या शेतावर," सौ. खिडकीतून म्हणाली. हे वाक्य ती कोणत्या सुरात म्हणाली ते इथं लिहिता येणार नाही, पण त्या सुरानं काम केलं. पोलिसानं माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि झाकण हलकेच लावून टाकलं. नवरेपणाची सहानुभूती ही सरकारी खात्यांतही असते.

या बरण्यांचं मूळ न्यू जर्सीत आहे. गेल्या वर्षी मुलाकडं तीन महिने राहून आलो. तिथं सकाळी ब्रेडच्या एका कापावर शेंगदाण्याचं लोणी आणि दुसऱ्यावर जांभळी जेली लावून दोन्ही एकमेकांवर दाबतात, आणि हे पोरांना डब्यात देतात. नातू ते खायचा आणि उरलेली कड मी. आठ दिवसांत मला त्या जेलीचं व्यसन लागलं. निवृत्त माणसाला व्यसन लागलं की तो त्याचा इतिहास काढतो. मीही काढला. ही जेली ज्या द्राक्षाची करतात ते कॉन्कॉर्ड. मॅसॅच्युसेट्समधल्या त्याच नावाच्या गावात इफ्रेम वेल्स बुल नावाच्या गृहस्थानं रानद्राक्षांच्या बिया लावून हजारो रोपं वाढवली आणि त्यांतून 1849 साली हा एक वेल निवडला. वेल देशभर गेला, बुलसाहेब मात्र गरिबीतच गेले. पुढं 1869 साली न्यू जर्सीतल्याच व्हाइनलँड गावात टॉमस वेल्च नावाच्या एका दाताच्या डॉक्टरनं या द्राक्षाचा रस तापवून बाटलीत भरला. चर्चमध्ये प्रसादाला दारूऐवजी न आंबलेला रस असावा, एवढाच त्याचा हेतू. दाताच्या डॉक्टरनं घरोघर गोड रस पोचवावा यात मला तरी धंद्याची दूरदृष्टी दिसते, पण ते असो.

मुद्दा असा, की एवढा इतिहास वाचल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या सख्ख्या मेहुणीच्या घरी अकरा एकर द्राक्षबाग आहे! आणि त्या घरात आजवर जेलीची एक बरणी झालेली नाही! मी बँकेत बत्तीस वर्षं काढली. त्यातली सहा कृषिकर्ज विभागात. म्हणजे मला सातबारा वाचता येतो, पीक ओळखता येत नाही. तरीही शेतकऱ्याला सल्ला द्यायचा अधिकार या सहा वर्षांनी मला कायमचा दिलेला आहे, आणि त्या सल्ल्याला आमच्या खात्यात 'मूल्यवर्धन' म्हणत.

निफाड तालुक्यात शिरलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा लागतात. लोखंडी अँगल, तारा आणि वर हिरवं छप्पर. साडूंचं घर बागेच्या मधोमध आहे. गाडी थांबायच्या आत मेहुणी धावत आली, "या भाऊजी!" म्हणाली, आणि मी डिकी उघडल्यावर तिचा चेहरा जरा उतरला. पुण्याचे पाहुणे चितळ्यांची बाकरवडी आणतात अशी तिची समजूत होती. बाकरवडी होती, पण ती मागच्या सीटवर होती आणि आळेफाट्यानंतर ती फारशी उरली नव्हती.

घरात साडू, मेहुणी, सातवीतला भाचा आणि साडूंच्या आई. या आजी ऐंशीच्या पुढच्या. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू नाही पण गोंदण आहे, आणि नजर अशी की घडात एक मणी कमी असला तर दहा फुटांवरून सांगतील.

चहा पिता पिता मी विषय काढला. "साडूभाऊ, तुम्ही नुसती द्राक्षं विकता. प्रक्रिया का करत नाही?"

साडू काही बोलले नाहीत. त्यांनी बशी खाली ठेवली आणि "चला, गंमत दाखवतो," म्हणून मला औषधांच्या खोलीत नेलं. फवारणीच्या डब्यांच्या वर एक फळी होती. त्या फळीवर बाटल्या, डबे, एक फुटकी काच. "हे दोन हजार अठराचं," साडू म्युझियमच्या गाइडसारखे सांगायला लागले. "ठाण्याचे पाव्हणे होते, द्राक्षाचं सरबत. मे महिन्यात फुटलं, रात्री दोनला. आई म्हणाल्या बिबट्या आला." शेजारी एक पिशवी होती, तिच्यात तपकिरी चामड्यासारखं काहीतरी. "द्राक्षपोळी. आंबापोळीसारखी. मेहुण्याच्या साहेबांची. अजून वाळू राह्यली." पलीकडं व्हिनेगर होतं, जे कोणाच्या तरी वाइनच्या प्रयत्नातून झालं होतं. फळीच्या टोकाला थोडी जागा मोकळी होती. साडूंनी तिथली धूळ हातानं पुसली. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बागेत. फेब्रुवारी संपत आला होता तरी निफाडची थंडी सकाळी सातपर्यंत हटत नाही. जानेवारीत पारा फार उतरला तर मणी तडकतात, म्हणून इथले लोक रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसतात, हे मला माहीत नव्हतं. मला माहीत नसलेल्या गोष्टी त्या सकाळी इतक्या निघाल्या की मी वही बंद केली. घडांना कागद गुंडाळलेले होते. जुनी वर्तमानपत्रं. थंडीत हिरवे मणी गुलाबी पडू नयेत म्हणून डिसेंबर-जानेवारीत एकेका घडाला हाताने कागद बांधतात. मी चष्मा लावून ओळीतून चालत होतो आणि वाचत होतो. एका घडाला निवडणुकीचा अग्रलेख, दुसऱ्याला राशिभविष्य, तिसऱ्याला 'वधू पाहिजे'. माझ्या राशीचं भविष्य वाचायला मी कागद जरा बाजूला केला आणि आतला एक मणी सहज तोंडात टाकला.

"पाव्हणे!" मागून आवाज आला. आजी. "घडातला मणी तोडायचा नसतो."

"एकच घेतला हो, आजी."

"एक दात पडला तरी तोंड बोळकंच दिसतं."

भोक पडलेला घड व्यापारी बाजूला काढतो. घड धरायचा तोही देठाला, कारण मण्यावर हात लागला की वरची पांढरी लव पुसली जाते, आणि ती लव म्हणजे ताजेपणाची खूण. ही लव मण्याचं स्वतःचं मेण असते. पुण्यात आम्ही ती औषधाची भुकटी समजून मिठाच्या पाण्यात तीनदा धुतो, हे मी तिथं बोललो नाही.

मग साडूंनी मला वर्षाचा हिशेब सांगितला. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. मग घड निघाले की मणी लांब व्हावेत, फुगावेत म्हणून जीए नावाच्या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवायचे. मग बायका कात्री घेऊन एकेका घडातले जास्तीचे मणी कापून टाकतात, म्हणजे उरलेल्यांना जागा मिळते. मग भुरी, मग डाऊनी असे रोग, मग ढग आले की रात्रीतून फवारणी. 2014 सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारा पडल्या तेव्हा काढणीला आलेली बाग वीस मिनिटांत झोपली, हे साडूंनी एका वाक्यात सांगितलं आणि पुढच्या ओळीकडं वळले. वाणांची नावं सांगताना मात्र ते खुलले. थॉमसन म्हणजे कॅलिफोर्नियातल्या थॉमसन नावाच्या माणसाचं. सोनाका म्हणजे मला वाटलं काहीतरी जपानी असेल. तर नाही! सोलापूरचं सो, नान्नजचं ना, आणि ज्यांना हे वाण सापडलं त्या काळ्यांचं का.

इथं मी माझं मूल्यवर्धनाचं भाषण परत सुरू करणार होतो. केलंही. पण जवळच्याच ओझरला 1964 पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे, आणि नेमकं 'शेतकऱ्यानं आता उद्योजक व्हायला हवं' या वाक्याला डोक्यावरून एक सुखोई गेलं. ते जाईपर्यंत मी तोंड उघडं ठेवून थांबलो. परत सुरुवात केली, ते वळून परत आलं. या भागातल्या लोकांना कमी बोलायची सवय का आहे, ते मला कळलं.

पाच किलो थॉमसन मिळालं. निर्यातीचं नव्हे. निर्यातीला मणी लोखंडी कडीतून मोजतात, जरा बारीक भरला तर बाद. माझ्या वाट्याला ते बाद आले. मला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटली.

कृती मी मोबाइलवरून वहीत उतरवून आणली होती. द्राक्षं चेचायची, दहा मिनिटं उकळायची, फडक्यातून गाळायची, रसात साखर घालून आटवायची. हे वाचायला लागतात तीस सेकंद. पण पुस्तकी माणूस मधल्या पायऱ्या सोडत नाही. रसात पेक्टिन किती आहे हे आधी तपासायचं असतं. पेक्टिन म्हणजे फळातला तो चिकट अंश, ज्याच्यामुळे जेली थरथरत उभी राहते. तपासणी अशी: चमचाभर रसात चमचाभर स्पिरिट घालायचं. एकसंध गोळा झाला तर पेक्टिन भरपूर, बारीक तंतू झाले तर कमी.

मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "थोडं अल्कोहोल मिळेल का?"

सकाळचे दहा वाजले होते. मेहुणीनं बहिणीकडं बघितलं. सौ.नं भिंतीकडं बघितलं. आजींनी जपाची माळ खाली ठेवली.

"प्रयोगासाठी," मी म्हणालो.

"सगळे असंच म्हणतेत," आजी म्हणाल्या.

साडूंनी मला खांद्याला धरून बाहेर नेलं आणि औषधांच्या खोलीत, बुरशीनाशकाच्या रिकाम्या खोक्याच्या मागून एक क्वार्टर काढली. "पॉयझन लिहिलंय त्याच्यामागं ठेवतो, म्हंजे कोणी हात लावत नाही." मी दोन चमचे घेतले, रसात घातले. गोळा नाही, तंतू नाही, काही नाही. आता दोष रसाचा की दारूचा? दारू बेचाळीस टक्क्यांची, कृतीत स्पिरिट म्हटलं होतं. शास्त्रीय प्रश्न गंभीर होता. मी तो वहीत लिहून घेईपर्यंत साडूंनी उरलेला पुरावा नष्ट केला.

गाळणं हा पुढचा प्रकार. पंचात लगदा बांधून ओसरीच्या कडीला टांगायचा, खाली पातेलं ठेवायचं, आणि रात्रभर थेंब थेंब पडू द्यायचा. 'पिळू नये' असं मी वहीत तीनदा अधोरेखित केलं होतं, कारण पिळलं की जेली गढूळ होते. संध्याकाळभर ओसरीवरून जाणारा-येणारा प्रत्येक जण "श्रीखंड का?" असं विचारून गेला. ट्रॅक्टरवाला, दूध घालायला निघालेला शेजारी, पुतण्याच्या लग्नाची पत्रिका द्यायला आलेले कोणी अण्णा. रात्री मला टप टप टप आवाज येत होता आणि अधूनमधून चप चप चप. पहिला रसाचा, हे मला ठाऊक होतं. दुसरा बिबट्याचा असावा असं ठरवून मी पांघरूण डोक्यावर घेतलं. निफाडला बिबटे उसात राहतात आणि रात्री वस्तीवर येतात, हे भाच्यानं जेवताना मुद्दाम सांगितलं होतं. सकाळी पाहिलं तर कुत्रा पातेल्याशेजारी पोट वर करून समाधानानं झोपला होता आणि मुंग्यांची एक रांग थेट कडीपर्यंत गेली होती. पातेल्यावर झाकण ठेवायला सुचलं ते आजींना, मध्यरात्री, म्हणून बराचसा रस वाचला. त्यांनी आणखी एक उपकार केला होता. "निम्मं आतच राह्यलं होतं," त्या म्हणाल्या, "म्हणून जरा पिळून काढलं."

सव्वादोन किलो साखर. बाहेर चूल पेटवली. सरपण म्हणजे ऑक्टोबरच्या छाटणीच्या वाळलेल्या काड्या, त्या अगरबत्तीसारख्या पेटतात. ज्या वेलाचं फळ त्याच्याच काड्यांवर शिजतंय, यात मला काहीतरी काव्य दिसत होतं. धूर डोळ्यात गेल्यावर ते दिसेनासं झालं. मी साखर ओतायला लागलो तेव्हा आजी पाट घेऊन समोर येऊन बसल्या.

"काय करू राह्यले?"

"साखर घालतोय."

"द्राक्षात?"

"हो."

आजी थोडा वेळ गप्प बसल्या. "पाव्हणे, वरीसभर आम्ही मरतो ते त्याच्यात गोडी भरावी म्हणून. अन् तुम्ही गोड झाल्यावर वरून साखर टाकता. मंग आंबटच न्यायची होती."

मी हसलो. हे वाक्य संध्याकाळी मला आठवणार होतं.

जेली झाली हे ओळखायचं कसं, हा खरा कळीचा प्रश्न. पुस्तकात लिहिलंय, पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा चार-साडेचार अंश जास्त. थर्मामीटर घरात एकच होता, भाच्याच्या तापाचा, आणि तो मेहुणीनं लपवून ठेवला. मग साडू म्हणाले, "ब्रिक्स बघायचं ना? यंत्र आहे की." बागायतदाराच्या खिशात पेन नसेल, पण रिफ्रॅक्टोमीटर असतो. छोट्या दुर्बिणीसारखा, काचेवर रसाचा थेंब टाकायचा आणि उजेडाकडं धरून बघायचं. निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा जिथं येईल तितकी साखर. अठरा आलं की काढणी करायची. जेलीला पासष्ट लागतात. मी थेंब टाकला, डोळा लावला. सगळं पांढरं. रेघच नाही. "बत्तीसच्या वर त्याला दिसत नाही," साडू म्हणाले. "द्राक्षाला कशाला लागतंय त्याच्या वर?" थेंब काचेवर वाळला आणि झाकण चिकटून बसलं. ते यंत्र पुढं दोन दिवस कोमट पाण्यात भिजत होतं, आणि साडू अधूनमधून त्याच्याकडं बघून माझ्याकडं बघत होते.

शेवटी बशीची परीक्षा. गार बशीवर थेंब टाकायचा, बोटानं ढकलायचा, सुरकुती पडली तर जेली झाली. मी टाकला. तो पसरला. दहा मिनिटांनी परत टाकला. परत पसरला, जरा आळसानं. पाऊण तास उलटला, पातेल्यातला पोपटी रस आधी चहासारखा झाला आणि मग काकवीसारखा. आजींना राहवेना. त्यांनी एक थेंब चिमटीत घेतला, अंगठा आणि बोट लांब केलं. मधे एक तार उभी राहिली.

"एकतारी झाला. जिलबीला चालंल."

"आजी, ही जेली आहे. हिला तारा नसतात."

"अजून दहा मिनिटं ठेवा, दोनतारी होईल. मंग गोळीबंद. मंग चिक्की. मंग कढई फेकायची. ह्याच्यापुढं पाकाला जागा नाही."

जगातले सगळे पाक या आजींना ठाऊक होते आणि माझी जेली त्यांच्या कोणत्याच इयत्तेत बसत नव्हती. मी दोन बरण्या भरल्या, तोंडं बांधली, पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवल्या. चार वाजता उघडल्या. बरणी तिरकी केली, आतलं सगळं तिरकं झालं. पालथी केली, सगळं भाच्याच्या शाळेच्या बुटांत.

संध्याकाळी ओसरीवर मी एकटा बसलो तेव्हा मला उमगलं, की चुकलं कुठं. ते अमेरिकेतलं कॉन्कॉर्ड जाड सालीचं. दाबलं की सालीतून गर बेडकासारखा उडी मारून बाहेर येतो. बिया आहेत, आंबटपणा आहे, पेक्टिन आहे. जेली उभी राहते ती या सगळ्या अडचणींच्या जोरावर. त्याच्या वासाचं जे रसायन आहे, मिथाइल अँथ्रानिलेट, ते तिकडं पाखरं पळवायला फवारतात. आणि इथं काय? इथं बी नको, म्हणून बिनबियांचं वाण आणलं. साल पातळ हवी. आंबट नको. पिकून अठरा ब्रिक्स झाल्याशिवाय तोडायचं नाही. म्हणजे जेलीला जे जे लागतं ते ते या लोकांनी पैसे मोजून, औषधं मारून, कात्रीनं कापून द्राक्षातून घालवलं होतं, आणि मी त्याच द्राक्षाला येऊन म्हणत होतो, ऊठ, उभं राहा.

"आंबटच न्यायची होती," असं आजी सकाळी म्हणाल्या होत्या.

शिवरात्र दोन दिवसांवर आली होती. आमच्याकडं शिवरात्रीला कवठ लागतंच, आणि बांधावरच्या झाडाची आठ-दहा कवठं कोपऱ्यात टोपलीत पडून होती. आजी उठल्या. एक कवठ घेऊन पायरीवर आपटलं. तो आवाज, नारळाहून हलका आणि कपाळमोक्षाहून जड. दुसरं आपटलं, तिसरं आपटलं. चमच्यानं तपकिरी गर खरवडून काढला, बुडेल इतक्या पाण्यात चुलीवर ठेवला. कसं, किती, काही विचारायची सोय नव्हती. मी वही घेऊन शेजारी उभा होतो.

"किती पाणी, आजी?"

"बुडंल इतकं."

"किती वेळ?"

"शिजंल तवर."

मी 'शिजेल तोवर' असं लिहून घेतलं. शिजल्यावर त्यांनी ते माझ्याच पंचातून गाळलं. या वेळी पिळलं नाही. मी विचारलं का, तर म्हणाल्या, "कवठ पिळलं की तुरट होतं. एवढं तर माहीत पायजे." तो बुळबुळीत रस त्यांनी माझ्या काकवीत ओतला आणि परत जाळ लावला. वीस मिनिटांत पातेल्यातला आवाज बदलला. आधी खळखळ होती, आता जाड, फुटक्या बुडबुड्यांची बुडबुड. आजींनी पळी वर धरली. कडेला दोन थेंब आले, एकमेकांकडं सरकले, एक झाले आणि पडद्यासारखे खाली लोंबले. हे दृश्य मी न्यू जर्सीत, अमेरिकन बायकांच्या व्हिडिओत, किमान चाळीस वेळा पाहिलं होतं. त्याला तिकडं एक खास नाव आहे.

"ह्याला काय म्हणतात, आजी?"

"झालं म्हणतेत."

अकरा बरण्या भरल्या. तांबूस, आरपार दिसणाऱ्या. भाच्यानं बरणीवर चमचा आपटला तर आतला ऐवज गणपतीच्या मिरवणुकीतल्या पोटासारखा हलला. रात्री भाकरीवर लावून सगळ्यांनी खाल्ली. शेंगदाण्याचं लोणी नव्हतं म्हणून मेहुणीनं शेंगदाण्याची चटणी दिली, लसूण घातलेली. माझ्या नातवाला तो प्रकार आवडला नसता, मला आवडला. चव? चव कवठाची होती. अगदी शेवटी, गिळून झाल्यावर, जिभेच्या मागच्या बाजूला द्राक्षाची एक आठवण यायची, ती सुद्धा सांगितल्यावर.

भाच्यानं लेबलं केली. पॅकहाऊसमध्ये बघून बघून त्याला सगळं पाठ होतं: बॅच नंबर, तारीख, बागेचं नाव. वर मोठ्या अक्षरात त्यानं 'कवठाची जेली' लिहिलं. मी हरकत घेतली. पाच किलो द्राक्षं, त्यात कवठं तीन. शेवटी बँकेच्या पद्धतीनं तडजोड झाली: मुख्य अर्जदार द्राक्ष, जामीनदार कवठ.

सव्वीसपैकी तेरा बरण्या रिकाम्याच राहिल्या. त्यांत मेहुणीनं बेदाणे, काळा मसाला आणि लसणीची चटणी भरून दिली. आधीच्या काकवीच्या दोन बरण्यांपैकी एक भाच्याच्या बुटांत गेली होती. दुसरी साडूंनी उचलली, पुसली, आणि औषधांच्या खोलीत नेऊन फळीच्या टोकावर, सरबतवाल्यांच्या आणि द्राक्षपोळीच्या शेजारी, त्या पुसून ठेवलेल्या जागेत बसवली. खाली खडूनं साल लिहिलं.

निघायच्या दिवशी मी गाडीत बरण्या लावत होतो तेव्हा मुंबई पासिंगची एक मोठी गाडी वळणावरून आत आली. साडूंच्या कोणा मित्राचे मित्र. पांढरे बूट, गॉगल. उतरल्या उतरल्या त्यांनी बागेकडं पाहून दीर्घ श्वास घेतला, जवळच्या घडाचा कागद बाजूला करून एक मणी तोडून तोंडात टाकला आणि साडूंना म्हणाले, "वा! पण मला सांगा, तुम्ही लोक याची जेली वगैरे का करत नाही?"

साडूंनी माझ्याकडं बघितलं. मी डिकी लावून घेतली.

"घडातला मणी तोडायचा नसतो," मी त्यांना म्हणालो. "या, आधी चहा घ्या."

तेवढ्यात आतून, माजघरातून, आजींचा आवाज आला.

"कवठं संपली म्हणावं!"